धुराचा घाम

हाम दोक-सूची बायको मुलीकडे गेली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि ती "थोड्या दिवसांत" परत येणार होती.

जुळ्या नातींचा शंभरावा दिवस साजरा झाला की येते, असं सांगून जोंग-निम सुवनला गेली. शंभरावा दिवस झाला. मग पहिला वाढदिवस आला, मग एकीला दम लागायचा म्हणून राहिली, मग दुसरीला बालवाडीत रडू यायचं म्हणून. मुलगी सोन-आ आणि जावई दोघंही नोकरीवाले. त्यांना आई सोडवेना आणि आईला पोरी सोडवेनात. सणाला ती दोन रात्री घरी यायची, फ्रिजमध्ये डबे भरून ठेवायची आणि परत जायची. दोक-सू बसपर्यंत सोडायला जायचा आणि म्हणायचा, "जाताना बसमध्ये झोप काढ." सहा वर्षांत बायकोला यापेक्षा जास्त काही तो बोलला असेल, तर ते त्याचं त्यालाच ठाऊक नसावं.

आता यात त्या एकट्याचा दोष नाही. उभ्या कोरियात आम्हा चुंगचोंग प्रांताच्या माणसांना सरळ बोलायला जड जातं. भाजीवाल्याशी घासाघीस केली तर तो रागावत नाही, "राहू द्या, गाईला घालीन," एवढंच म्हणतो. "बघू" म्हणजे "नाही", हे इथं पाळण्यातल्या पोराला कळतं. त्यातून दोक-सूचा जन्म गेला चुनखडीच्या खाणीत. तिथं यंत्रांचा इतका आवाज की माणसं हातवाऱ्यांनीच बोलायची. घरी आल्यावर हातवारे संपले आणि बोलणंही.

रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा.

"थंडी आहे का हो तिकडे?"

"आहे. जेचनला नाही तर कुठं असणार?"

"जेवलात?"

"जेवलो."

"बरं मग."

"बरं."

फोन ठेवला की तो बराच वेळ हातातल्या फोनकडे बघत बसायचा. तिची आठवण त्याला कामाच्या गोष्टींत यायची. मोज्याची जोडी लागेना की यायची. सूप खारट झालं की यायची. कुणी खोदून विचारलं असतं तर त्यानं कबूलही केलं असतं, पण आमच्याकडे असं कुणी विचारत नाही.

त्याच्या मनात एक काटा मात्र होता. पहिल्यांदा सुवनला जाताना, बूट घालता घालता जोंग-निम म्हणाली होती, "तिथं निदान पाठ तरी गरम होईल. या घरात एवढी वर्षं काढली, कधी झाली नाही." दोक-सू पक्का चिक्कू. गॅस वाचवायचा म्हणून बॉयलरची कळ तो "बाहेर गेलोय" वर फिरवून ठेवायचा. म्हणजे घरात बायको भाजी निवडत बसलेली, आणि हा गृहस्थ बॉयलरला सांगतो, घरी कुणी नाही! फरशीखालून गरम पाणी फिरायचं ते जेमतेम नळ गोठू नयेत इतपत. बिचारी दोन स्वेटर घालून निजायची. ती गेली ती त्या थंडीला कंटाळूनच, अशी त्याची ठाम समजूत झाली. आणि म्हणून घर गरम झालं की ती परत येईल, अशीही झाली.

शरद ऋतूत जुना बॉयलर मेला. दोक-सूनं जन्मात पहिल्यांदा घासाघीस न करता नवा घेतला. बसवायला मिन नावाचा बॉयलरवाला आला. मागच्या गॅलरीत भिंतीवर पेटी चढवून झाल्यावर त्यानं खालून निघालेली पांढरी नळी वॉशिंग मशीनच्या मोरीत सोडली आणि म्हणाला, "काका, हा नवा बॉयलर भारी चिकट आहे."

"म्हणजे माझ्यासारखा," दोक-सू म्हणाला.

"तुमच्याहून. हा धुराची ऊबसुद्धा बाहेर जाऊ देत नाही. सगळी पिळून घेतो. मग थंड झालेल्या धुराला घाम सुटतो, तो या नळीतून ठिबकतो. जेवढं घर तापवाल तेवढा घाम. आणि तो असतो आंबट. सिमेंट खातो, लोखंड खातो. म्हणून ही नळी सांडपाण्याच्या मोरीतच राहू द्या. तिथं साबणाचं, भांड्यांचं पाणी असतं, त्यात मिसळून जातं. तो कोपऱ्यातला पाइप दिसतोय ना, तो पावसाच्या पाण्याचा. त्यात नाही सोडायची. ते पाणी सरळ ओढ्याला जातं."

"बरं."

"विसराल."

"बरं म्हटलं ना."

विसरला नाही तो. पण मधेच एक गोष्ट घडली.

जानेवारीत एका संध्याकाळी फोनवर थंडी आणि जेवण आटोपल्यावर जोंग-निम म्हणाली, "आता मार्चमध्ये पोरी शाळेत जातील. या वेळी सोल्लालला आले की जरा जास्त राहावं म्हणते. बघू."

"बघू" म्हणजे काय, हे वर सांगितलंच आहे. दोक-सूलाही ठाऊक होतं. पण माणसाला जे ऐकायचं असतं तेच कानात राहतं. त्यानं फोन ठेवला, आतल्या खोलीत गेला आणि बंद ठेवलेली तिच्या खोलीची कळ उघडली. रिकाम्या खोलीची थंडी जुनी असते, भिंतींत मुरलेली. एका दिवसात जात नाही. सोल्लालला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, अजून तीन आठवडे होते. तोवर खोली अशी तापली पाहिजे की पाय ठेवताक्षणी तिनं म्हणावं, अगबाई! आणि मग तिनं राहावं. दोक-सूला जगात एवढंच हवं होतं.

तो रोज त्या खोलीत जायचा, अनवाणी. फरशी गरम लागायची. तिथं घडी केलेली रजई होती, तिच्यावर हात ठेवून थोडा वेळ बसायचा आणि बाहेर यायचा. स्वतः झोपायचा मात्र आपल्याच खोलीत, कमी उबेत. जुनी खोड.

मग त्याला तिचे रांजण आठवले. सोया आणि सोयाबीनची पेस्ट मुरवायचे तिचे तपकिरी रांजण त्यानं कुठंतरी कोपऱ्यात सरकवून वर पुठ्ठा टाकला होता. ते त्यानं धुतले, पुसले आणि तिच्या जुन्या जागी, गॅलरीतल्या मोरीशेजारी, ओळीनं मांडले. आता पंचाईत अशी, की नळीचं पाणी मोरीत पडताना थेंब उडायचे ते नेमके रांजणांवर. आंबट पाणी! तिच्या रांजणावर! ती आली आणि तिनं बघितलं तर? दोक-सूनं नळी उचलली, भिंतीकडून फिरवली आणि कोपऱ्यातल्या पावसाच्या पाइपात खुपसली. थेंब उडायचे थांबले. त्याचं समाधान झालं आणि मिनचं बोलणं रांजणांमागं पडलं.

आता त्या पाइपाबद्दल. तो पाचव्या मजल्यापासून सगळ्यांच्या मागच्या गॅलऱ्यांतून उतरत तळमजल्यावर चोन मावशींच्या गॅलरीतून जमिनीत जातो. कडाक्याच्या थंडीत त्याचं खालचं तोंड गोठतं. तेव्हा वरून कुणी मशीनची नळी मोरीऐवजी त्यात सोडली, तर ते पाणी जाणार कुठं? मावशींच्या गॅलरीत वर येतं आणि तिथंच गोठतं. म्हणून दर हिवाळ्यात आमच्या इमारतींमध्ये कर्णा ओरडतो, "रहिवाशांना विनंती, थंडीची लाट आहे, गॅलरीत वॉशिंग मशीन लावू नये." आणि दर हिवाळ्यात कुणीतरी गुपचूप लावतं.

त्या वर्षी सणाच्या आठवड्यात लाट आली. कर्णा ओरडला. सगळ्यांनी मशिनी बंद केल्या. आणि तरी चोन मावशींच्या गॅलरीत पाणी आलं.

मावशी ऐंशीच्या पुढच्या, अंगानं चिमूटभर, आवाज मात्र खाणीतल्या भोंग्याएवढा. त्यांनी जिन्यात उभं राहून भोंगा वाजवला.

"कोण आहे ग तो बादशहा, ज्याला रोज धुतलेली चड्डी लागते? माझ्या गॅलरीत बर्फाचं मैदान झालंय! कोबी गोठला माझा! उद्या पाय घसरून मेले तर सण कुणाच्या घरी करणार, सांगा!"

पाचव्या मजल्यावरच्या यांग बाई या जिन्यावरच्या घरांच्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. सगळ्यांनी शपथा घेतल्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो आपला दोक-सू. एरवी तोंडातून शब्द न फुटणारा माणूस त्या दिवशी पेटला. सोल्लालला बायको येणार, आणि तिच्या डोळ्यांसमोर इमारतीत भांडण नको, असं त्याला वाटलं असावं.

"लाज वाटली पाहिजे! म्हातारं माणूस खाली राहतंय. मी माझे कपडे हातानं धुतो, न्हाणीघरात. हवं तर बघा येऊन!"

नुसतं बोलून थांबला नाही. यांग बाईंना घेऊन दारोदार गेला, मशिनींच्या झाकणांवर हात ठेवून बघत. चौथ्या मजल्यावर रात्रपाळी करणारी एक परिचारिका एकटी राहायची, सोक नावाची. तिचं झाकण त्याला कोमट लागलं. वरच्या फळीवर विजेच्या कुकरात भात शिजत होता म्हणून असेल, पण दोक-सूनं यांग बाईंकडे बघून भुवई उडवली. झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या जिन्याला कळलं की पाणी सोडणारी ती सोकच आहे. तिनं बिचारीनं रडत सांगितलं, मी नाही हो, पण दिवसा झोपणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवतं?

दुसऱ्या दिवशीही पाणी येतच होतं, तेव्हा दोक-सूनंच युक्ती काढली. दुपारी सगळ्यांनी सगळे नळ बंद ठेवायचे आणि तो स्वतः मावशींच्या गॅलरीत उभा राहून बघणार. पाणी थांबलं की एकेकाचा नळ उघडायचा, चोर आपोआप सापडेल.

नळ बंद झाले. इमारत शांत झाली. आणि पाइपात आवाज येत राहिला, टप... टप... टप... बर्फावरून पाण्याची एक बारीक धार पुढं सरकत होती, घाईगडबड न करता.

"हे बघा, अजून येतंय," मावशी म्हणाल्या. "साबणाचा फेस नाही की काही नाही. आणि ही माझी फरशी बघा. सांध्यातलं सिमेंट भुसभुशीत झालंय."

दोक-सू वाकला. बर्फाच्या कडेला, जिथून धार यायची, तिथं फरशांमधलं जुनं सिमेंट पांढरं पडलं होतं. त्यानं नख लावलं, तर भुगा निघाला. तीस-एक वर्षं ज्यानं चुनखडी फोडली त्याला हे सांगावं लागत नाही. आंबट काहीतरी लागल्याशिवाय सिमेंट असं होत नाही. खाणीत नवा दगड आला की त्यावर आम्लाचा थेंब टाकून बघायचे, दगड फसफसला की चुनखडी चांगली.

आंबट. त्यानं बोटांवरचा भुगा झटकला आणि वर पाइपाकडे बघितलं.

"काय झालं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. जरा वर जाऊन येतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिसऱ्या मजल्यावर आपल्या गॅलरीत तो उभा राहिला आणि पांढऱ्या नळीकडे बघत राहिला. बॉयलर मजेत गुरगुरत होता. नळीच्या तोंडातून थेंब पडत होता, लगेच दुसरा, लगेच तिसरा. एका माणसाच्या एका खोलीचं पाणी एवढं नसतं. हे तिच्या खोलीचं पाणी होतं. तीन आठवडे तो जी वाट बघत होता ती थेंबाथेंबानं खाली जाऊन एका म्हातारीच्या दारात गोठली होती.

त्यानं रांजण सरकवले आणि नळी परत मोरीत सोडली. काम झालं. खाली पाणी थांबणार. कुणाला काही कळणार नव्हतं, सगळे म्हणणार, पोरीनं मशीन लावायचं सोडलं. दोक-सू खुर्चीत बसला. मग उठला. मग परत बसला. सणाला बायको येणार, तिला जिन्यात कुणीतरी सांगणार, तुमच्या मिस्टरांनी काय हुशारीनं चोर पकडला! आणि ती त्याच्याकडे बघणार. ते बघणं डोळ्यांसमोर आलं, आणि तो जिना उतरू लागला.

आधी तो चौथ्या मजल्यावर जायचं सोडून चुकून खालीच गेला, मग परत वर. सोकनं दार उघडलं. आमच्या पद्धतीनं तो म्हणणार होता, "यंदा थंडी फारच..." पण पोरीचे डोळे सुजलेले होते.

"पाणी माझं होतं," तो म्हणाला. "माझ्या बॉयलरचं. तुझ्यावर उगाच आळ घातला. चूक झाली माझी."

"काका, तुम्ही सरळ बोललात!" ती म्हणाली आणि रडता रडता हसली.

मग यांग बाई, मग चोन मावशी. मावशींनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!"

"हो."

"एकटा जीव तुम्ही, एवढं काय तापवत होतात? ऊस पिकवताय का घरात?"

दोक-सू जमिनीकडे बघत म्हणाला, "तिची खोली."

"कुणाची?"

"सोन-आच्या आईची. या वेळी राहीन म्हणालीय. म्हणजे, बघू म्हणालीय."

मावशींचा आवाज एकदम खाली आला. "तिला सांगितलंत? राहा म्हणून?"

"ते काय सांगायचं? खोली गरम लागली की कळेलच तिला."

"फरशीला तोंड असतं का हो?" मावशी म्हणाल्या. "माझा नवरा गेला तोवर मीही असंच काही काही त्याच्या ताटात वाढत राहिले. त्याला वाटलं, मला नुसती स्वयंपाकाची हौस आहे." आणि लगेच भोंगा परत चढला. "आता उभे काय राहिलात? पहार आणा आणि बर्फ फोडा!"

त्यानं बर्फ फोडला, उकळतं पाणी ओतून पाइपाचं तोंड मोकळं केलं, फरशीचे सांधे नव्यानं भरून दिले. सिमेंटच्या कामात तो कसूर करणारा नव्हता. मग मिनला फोन लावला.

"काका, म्हटलं होतं ना, विसराल!"

"रांजण होते."

"रांजण? असू दे. आता एक करा. इमारत जुनी, खालचा सांडपाण्याचा पाइप लोखंडी असणार. एका डब्यात चुनखडीची खडी भरा, नळी डब्याच्या तळाशी सोडा, आणि वरून भरून वाहील ते मोरीत जाऊ द्या. खडीतून जाताना आंबटपणा मरतो. खडी झिजली की नवी घाला. तुमच्या गावात दगडाला तोटा आहे का?"

दगडाला तोटा नव्हता. दोक-सू बसनं जुन्या खाणीच्या रस्त्याला जाऊन पिशवीभर खडी वेचून आला. किमचीच्या जुन्या डब्यात ती धुऊन भरली, कडेला भोक पाडून दुसरी नळी लावली आणि ती खाली मोरीच्या आत घातली, म्हणजे थेंब उडायचा प्रश्न मिटला. खरं तर तिच्या खोलीची कळ बंद केली असती तर पाणी निम्म्यावर आलं असतं. ते त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी सुवनहून गाडी आली. दा-ओन आणि रा-ओन, दोघी जुळ्या, बूट भिरकावून आत पळाल्या. "जमीन गरम आहे! जमीन गरम आहे!" मागून जोंग-निम आली. केस अजून पांढरे झाले होते. ती आपल्या खोलीत गेली, घडी केलेल्या रजईखाली तळहात घातला आणि तसाच ठेवला.

"बॉयलर कधी लावलात?"

"सकाळी," दोक-सू म्हणाला.

आयुष्यभर असल्याच फरश्यांवर निजलेल्या बाईला सकाळी तापलेली फरशी आणि तीन आठवडे तापलेली फरशी यातला फरक कळत नसेल?

सकाळी पोरींनी गुडघे टेकून सणाचा नमस्कार केला. तांदळाच्या वड्यांचं सूप झालं. मग चोन मावशी वरती आल्या. नमस्कार घेतला, सूप प्यायल्या, आणि तोंड पुसून म्हणाल्या, "सोन-आची आई, तुझ्या नवऱ्यानं तुझी खोली तापवून तापवून माझ्या गॅलरीत बर्फाचा आखाडा केला, सांगितलं का त्यानं?" आणि सगळं रामायण सांगून टाकलं. जावई हसून हसून लोळला. दोक-सू पाणी आणायच्या निमित्तानं उठला, तो परत बसायला आलाच नाही.

थोड्या वेळानं जोंग-निम मागच्या गॅलरीत आली. डब्यात खडीतून पाणी वर चढत होतं आणि नळीतून मोरीत जात होतं. ती वाकून ते बघू लागली. दोक-सू दारात उभा होता. आता म्हणेल, राहते. आता म्हणेल.

"रांजण पुसलेत," ती म्हणाली.

"धूळ होती."

"हं."

आणि तिसऱ्या दिवशी गाडी भरायला सुरुवात झाली. जोंग-निमची पिशवी नेहमीसारखी दाराशी आली. फ्रिजमध्ये डबे भरून झाले होते. "बघू"चं उत्तर मिळालं होतं. दोक-सूनं पिशवी उचलली आणि जिना उतरला. जिना असा कधी संपला नव्हता, भर्रकन. खाली मुलगी पोरींना पट्टे बांधत होती, जावई काचेवरचं गोठलेलं दव खरवडत होता. जोंग-निमनं पिशवीसाठी हात पुढं केला.

दोक-सूनं पिशवी सोडली नाही.

"जोंग-निम," तो म्हणाला.

लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. आधी "अगं" होती, मग सोन-आची आई होती. जावयाचा हात काचेवरच थांबला.

"जाऊ नकोस. तुझ्यावाचून मला करमत नाही."

जोंग-निमच्या तोंडातून आधी वाफ निघाली. मग ती म्हणाली, "एवढं बोलायला सहा वर्षं? रोज फोन करते मी. रोज म्हणता, जेवलो. मला वाटलं, चाललंय की यांचं छान. माझ्यावाचून काय अडलंय?"

"अडलंय."

"खाणीतून सुटलात तेव्हा वाटलं होतं, आता तरी म्हणाल, मी तिकडे येऊ का. नाही म्हणालात. मीही विचारलं नाही. म्हटलं, हा माणूस म्हणेल, राहू दे, गाईला घाल."

"मग आता राहा ना."

"नाही," जोंग-निम म्हणाली. चुंगचोंगची बाई, सरळ "नाही" म्हणाली! तिचे डोळे भरले होते, पण शब्द डळमळला नाही. "नाही राहता येत. पोरींची शाळा आहे, सोन-आला जमायचं नाही. आणि मला पण त्यांच्यावाचून करमायचं नाही. खोटं कशाला बोलू? मी यायची नाही. तुम्ही चला."

"मी?" दोक-सू गोंधळला. "जावयाच्या घरी? तिथं माझ्यासाठी खोली कुठं आहे?"

"खोली नाहीच. पण माझं अंथरूण आहे." ती आता त्याच्याकडे न बघता पिशवीच्या बंदाकडे बघत बोलत होती. "मी भिंतीला चिकटून झोपते. सहा वर्षं. अर्धं अंथरूण मोकळं राहतं. पोरी विचारतात, आजी, मधे का नाही झोपत? काय सांगू त्यांना?"

दोक-सू एवढी वाट बघत असताना तिकडेही कुणी वाट बघत होतं, हे त्याच्या गावीच नव्हतं. आणि यावर तो जे बोलला ते असं:

"बॉयलर चालू आहे."

"बंद करून या. आम्ही थांबतो."

"बंद नका हो करू!" तळमजल्याची खिडकी धाडकन उघडली. चोन मावशी केव्हाच्या तिथं उभ्या असाव्यात. "नळ्या गोठून फुटल्या की पाणी परत माझ्याच डोक्यावर! अगदी कमीवर ठेवा आणि किल्ली इकडे आणा. तुमच्या त्या खडीच्या डब्याकडे मी बघते. जा, लवकर कपडे घ्या. जावईबापू, गाडी गरम करा!"

जावई पळत येऊन म्हणाला, "बाबा, मी येऊ का वर मदतीला?" दोक-सूनं नको म्हणून मान हलवली आणि जिना चढला. तिच्या खोलीत गेला. फरशी गरमच होती. रजईची घडी तिनं जाताना परत नीट करून ठेवली होती. त्यानं कळ अगदी कमीवर फिरवली, दोन शर्ट आणि मोजे एका पिशवीत कोंबले. मोज्याची जोडी लागेना, तेव्हा दोन वेगवेगळेच घेतले. किल्ली मावशींच्या खिडकीत दिली. त्यांनी ती हिसकावूनच घेतली आणि खिडकी लावली.

गाडीत मागच्या बाजूला पोरी आणि जोंग-निम आधीच बसल्या होत्या. जागा अशी उरली नव्हतीच. तो दार धरून घुटमळला.

"या ना," जोंग-निम म्हणाली, आणि एका पोरीला मांडीवर ओढून घेत खिडकीकडे सरकली.